पंचवीसचं पान

"काका, तुम्ही घरी असं वाजवत नाही."

गिटार दुरुस्त करणारा मुलगा हे वाक्य अगदी सहज बोलून गेला आणि कानशीवरचा धातूचा चुरा झटकायला लागला. मी मात्र त्या वाक्याशी महिनाभर झगडतो आहे. त्याची खोली नारायण पेठेतल्या एका जुन्या घराच्या माडीवर आहे. जिना इतका अरुंद की गिटारीची बॅग पाठीवरून काढून पोटाशी धरावी लागते. मुलगा सव्वीस-सत्तावीसचा, केसांचा अंबाडा बांधलेला, मेकॅनिकल डिप्लोमा अर्धवट सोडलेला (हे त्यानेच सांगितलं, वर "आजीला सांगू नका, तिला वाटतं झालाय" असंही म्हणाला). त्याच्याकडे माझी ही दुसरी खेप होती, आणि मी तक्रार घेऊन गेलो होतो. चांगले पैसे मोजून गिटारीचं सेटअप, म्हणजे मान आणि तारांची उंची नीट लावणं, करून घेतलं, त्याच्या खोलीत वाजवून पाहिलं तेव्हा तारा लोण्यासारख्या, आणि घरी आणून तासभर वाजवली तर जाड तार पुन्हा खर्रर्र. त्याने ऐकून घेतलं, गिटार मांडीवर घेऊन दोन स्वर वाजवले. स्वच्छ. मग ती माझ्या हातात दिली. मी वाजवले, तरी स्वच्छ. मी ओशाळलो. डॉक्टरांसमोर बसल्यावर खोकला थांबतो ना, तसं. आणि मग तो ते म्हणाला.

ज्यांना गिटारीचं वेड नाही त्यांना हे सगळं किती क्षुल्लक आहे ते मोजून दाखवता येईल. गिटारीच्या मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे ॲक्शन, आणि ते बाराव्या फ्रेटवर मोजतात. माझ्या गिटारीसारख्या स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) घाटाच्या इलेक्ट्रिक गिटारीला साधारण १.६ मिलिमीटर ठीक मानतात. दोन एटीएम कार्डं एकावर एक ठेवली तर जवळपास तेवढी जाडी होते. मला हवं होतं १.२. म्हणजे भांडण होतं अर्ध्या कार्डाचं. पण त्या अर्ध्या कार्डात माझी सगळी हौस अडकली होती. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी गिटार हातात घेतली. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडायला जेवढा काळ लागतो तेवढ्यात लोकांची मुलं दोन परीक्षा देऊन मोकळी होतात. तार खाली असली की बोट नुसतं टेकवलं तरी स्वर येतो, घाई जमते, आणि आपण आहोत त्यापेक्षा बरे वाजवतो आहोत असं पाच-दहा मिनिटं वाटतं. मला ती पाच-दहा मिनिटं हवी होती. इंटरनेटवर अमेरिकेतला कुणीतरी पोरगा तारा जवळजवळ लाकडाला चिकटवून पाण्यासारखा वाजवताना दिसतो आणि आपल्याला वाटतं, फरक फक्त स्क्रूचा आहे.

तर मे महिन्यात, उकाड्याने डोकं तापलेलं असताना, मी स्वतःच ॲलन की घेऊन बसलो.

गिटारीच्या मानेत आतून एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. सहा तारा सुरात लावल्या की, अगदी पातळ नऊ नंबरचा सेट असला तरी (नंबर तारेच्या जाडीचा), त्यांचा मिळून ओढा चाळीस किलोच्या आसपास जातो. एवढं वजन ती बारकी मान रात्रंदिवस पेलते आणि अर्थातच पुढे वाकते. सळई तिला मागे खेचून धरते. तिच्या टोकाचा नट घड्याळाच्या दिशेने पिळला की मान सरळ होते, उलट पिळला की थोडी वाकू देते. इलेक्ट्रिक गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५० साली पहिल्या काही गिटारी या सळईशिवायच काढल्या होत्या. मेपलचं लाकूड एवढं कडक, त्याला कशाला हवा आधार, असं त्याचं मत होतं. वर्षही सरलं नाही आणि सळई घालावी लागली. त्या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते, कारण माझंही मत तसंच ठाम होतं. मी डोळ्याने पाहिलं, मान वाकलेली वाटली, पाव वेढा पिळला. बरं वाटलं, म्हणून आणखी पाव. मग पुलावरच्या, म्हणजे तारा जिथे अंगाशी टेकतात तिथल्या, सॅडलचे (प्रत्येक तारेखालच्या छोट्या आधाराचे) बारीक स्क्रू खाली घेतले. १.२! मे संपेपर्यंत माझ्यासारखा गिटारवादक सिंहगड रोडवर दुसरा नव्हता.

मग पहिला पाऊस पडला. पुण्यात त्या दिवशी घरातली मिठाची बरणी ओलसर होते, दारं चौकटीत अडकतात, आणि त्याच रात्री माझ्या गिटारीची जाड तार पहिल्या चार फ्रेटांवर खरखरायला लागली. मानेच्या पाठीला पॉलिश असतं, पण बोटं जिथे फिरतात ती शिसवी पट्टी उघडी असते. ती हवेतलं पाणी पिऊन फुगली, मान मागे गेली. मी आधीच तिला पिळून पिळून सरळ करून ठेवलेली, त्यात हे. मी काय करावं? सॅडल वर घेतले. हा सगळ्यांत मोठा गाढवपणा, आणि तो का हे मला नंतर कागदावर आकडे मांडल्यावर कळलं. पुलाकडचं टोक एक मिलिमीटर उचललं तर बाराव्या फ्रेटवर, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर, अर्धा मिलिमीटर फरक पडतो. पण पहिल्या फ्रेटवर? जेमतेम ०.०६. म्हणजे जिथे आजार होता तिथे औषध पोचतच नव्हतं, आणि जिथे सगळं ठीक होतं तिथे तारा आभाळाला टेकल्या. उंचीही वाढली आणि खरखरही तशीच. दोन्हीकडून नागवलो.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "ती माशी मारा आधी."

पहिल्या खेपेला त्या मुलाने गिटार हातातही घेतली नव्हती. "बसा काका, काहीतरी वाजवा." मी वाजवलं. तो माझ्या डाव्या बोटांकडे बघेल असं मला वाटलं होतं, कारण सगळे तिकडेच बघतात. तो बघत होता उजव्या मनगटाकडे. मग त्याने तारा सुरात लावल्या (ओढा नसताना मोजलेलं काहीच खरं नसतं, हे पहिलं कलम), पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबली आणि ड्रॉवरमधून पोलादी पानांचा एक जुडगा काढला. पंख्यासारखा उघडला, त्यातलं एक पान निवडलं आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली सरकवलं. मी जागच्या जागी थांबलो. तो वास. मशीनच्या तेलाचा, थोडा गंजाचा, थोडा तंबाखूच्या पुडीसारखा. "हे फिलर गेज ना?" मी विचारलं. त्याने चमकून वर पाहिलं. "काका, तुम्ही कोणत्या कंपनीत?" मी म्हटलं, "बँकेत."

बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये होते, इंजिनाच्या खात्यात. त्यांच्या खाकी शर्टाच्या वरच्या खिशात पेन नसे, फिलर गेज असे. इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या देठावर आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमध्ये एक केसाएवढी फट ठेवावी लागते, ती मोजायला. इंजिन तापलं की देठ लांबतो, म्हणून ती जागा आधीच राखून ठेवायची. मी सातवी-आठवीत असताना एकदा सुट्टीच्या दिवशी कॉलनीतल्या कुणाच्या तरी जीपचे टॅपेट, म्हणजे हीच फट, ते सेट करत होते आणि मी कंदील धरला होता, कारण लाइट गेली होती. पान आत सरकवायचं, नट आवळायचा, पान मागेपुढे करून पाहायचं. "लोण्यात सुरी फिरते तसं फिरलं तर ढिलं. अडकलं तर घट्ट. जरा अंगाला लागून गेलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी माझं बोट पकडून ते पान माझ्याकडून फिरवून घेतलं. ते लागून जाणं मला अजून बोटात आठवतं. जीप सुरू झाली तेव्हा बॉनेटखालून टक-टक-टक-टक ऐकू येत होतं. मालक म्हणाला, "सावंत, वाजतंय हो अजून." बाबा हात पुसत म्हणाले, "वाजू दे. वाजतोय म्हणजे फट आहे. गप्प बसला की मला बोलवा, तोवर व्हॉल्व्ह जळलेला असेल."

मुलाने मोजलं आणि शीळ घातली. पान जायला जागाच नव्हती. मान सरळही नव्हती, उलटी वाकली होती. त्याने नट पाव वेढा ढिला केला आणि चहा मागवला, कारण लाकडाला पटायला वेळ लागतो. मला गिटारीबद्दलची एवढीशी गोष्ट तोवर कुणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तर मी ऐकली नव्हती: मान सरळ असून चालतच नाही. छेडलेली तार दोन्ही टोकांना बांधलेली असते आणि मधोमध सगळ्यांत जास्त झुलते, म्हणून तिच्याखालच्या लाकडानेही मध्यावर किंचित खोल जायचं असतं. किती? ०.२५ मिलिमीटर. डोळ्याला दिसत नाही, पानालाच कळतं. आणि पान सरकवताना तार वर उचलली जाता कामा नये. ती स्पर्शाला हलली की आकडा खोटा. बाबांचं पान दोन लोखंडांमध्ये घासत जायचं, इथे एक बाजू तारेची, ती लगेच माघार घेते. म्हणून तो वाकून, श्वास धरून, तारेची थरथर बघत होता.

मग त्याने एक छोटी पोलादी पट्टी तीन-तीन फ्रेटांवर आडवी ठेवत वर नेली. चौदाव्यावर ती डुगडुगली. टक-टक. एकच फ्रेट शेजाऱ्यांपेक्षा उंच होता, आणि म्हणून वरच्या भागात मी तार ताणली की स्वर मध्येच गुदमरायचा. मी हे इतके दिवस माझ्या बोटांच्या नावावर जमा केलं होतं. फ्रेटबोर्डही सपाट नसतो, मधून उंच असतो, साडेनऊ इंच त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. जुन्या, १९५४ सालच्या स्ट्रॅटचा तर सव्वासात इंचांचा, म्हणजे आणखी गोल. तार ताणणं म्हणजे तिला त्या टेकाडावरून आडवं ढकलणं, आणि उंची कमी ठेवली की ती टेकाडाला घासते. तरी तिथे टेकाडाचा दोष थोडा आणि चौदाव्याचा जास्त होता. त्याने शाईने डोकं रंगवलं, कानशीने उतरवलं, पुन्हा गोल केलं, घासून चकाकवलं. चार दिवसांनी गिटार मिळाली. ०.२५, १.५ आणि १.३, असं पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. जाड तार थोडी वर, पातळ थोडी खाली.

आणि घरी खर्रर्र.

माळ्यावर बाबांचा बोर्नव्हिटाचा डबा आहे. त्यात स्पार्क प्लग, तुटके पाने, एक शिट्टी, आणि तळाशी ते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, डबा मी उघडला नव्हता. पानं एकमेकांना चिकटली होती. थोडं नारळाचं तेल लावलं, नखाने सोडवली. कडेच्या पानांवरचे आकडे त्यांच्या अंगठ्याने पुसून गेले आहेत, पण ०.२५ वाचता येतं. ते पान बहुधा त्यांना लागत नसावं, किंवा आकडा वाचायची गरजच नसावी, कुणास ठाऊक. मी कॅपो लावला, तार दाबली, पान सरकवलं. लागून गेलं. बरोबर पंचवीस. पट्टीने बारावा फ्रेट मोजला: १.५. चिठ्ठीतलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मुलाने फसवलं नव्हतं, पाऊसही मधल्या दिवसांत तसाच होता. मग खरखर कुठून येत होती? मी पुन्हा वाजवलं आणि या वेळी हेडफोन काढून ठेवले.

मी घरी नेहमी हेडफोन लावून वाजवतो. फ्लॅटच्या भिंती पातळ, वरच्या मजल्यावर तान्हं मूल, रात्री साडेदहानंतरच मला वेळ. कानात ॲम्पचा गडगडाट आणि खोलीत शांतता, म्हणून मी तारांवर अक्षरशः तुटून पडतो आणि मला त्याचा पत्ताही नसतो. हेडफोन काढल्यावर ऐकलं तर कुणीतरी पत्र्यावर खिळे टाकत होतं. आणि माडीवरच्या त्या खोलीत मी वाजवलं होतं ते कसं? पाहुण्यांकडे चमचा बशीवर आपटणार नाही याची काळजी घेत चहा पितात तसं. एसटी कॉलनीत दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरात आवाज करता येत नाही. रेडिओ हळू, भांडण हळू, हसणंही उशीत. त्या मुलाने माझ्या पाहुण्याच्या हातासाठी गिटार बेतून दिली होती, आणि ती त्या हाताला अगदी नीट बसली होती.

तारेचं गणित इथे फार रोकडं आहे. जेवढ्या जोरात छेडाल तेवढी ती रुंद झुलते, तेवढी जागा मागते. जाड तार जास्त मागते. अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन तेरा नंबरच्या जाडजूड तारा लावायचा आणि त्या उंच ठेवायचा. त्याचा हात बघितला की खाली ठेवल्या असत्या तर काय झालं असतं ते लक्षात येतं. ॲक्शन किती खाली नेता येते हे अर्धं लाकूड ठरवतं आणि अर्धं मनगट. मनगटाला फिरवायला पाना नसतो.

या सगळ्यात मला राहून राहून सांगलीच्या मावशीचा तानपुरा आठवत होता. ती वर्षा-दोन वर्षांनी जवारी काढून घ्यायला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी झंकारासाठी घासून घ्यायला, तो मिरजेला न्यायची, गोधडीत गुंडाळून, एसटीत स्वतःच्या शेजारच्या सीटवर. घोडीची पाठ कानशीने इतकी मंद उताराची करायची की तार तिच्यावर टेकता टेकता सुटते आणि सुटता सुटता पुन्हा टेकते, आणि मग तारेखाली सुती दोरा केसभर पुढेमागे सरकवत बसायचं, तो झंकार उघडेपर्यंत. नारायण पेठेतला मुलगा तारेला लाकडापासून जेवढं दूर ठेवायला धडपडत होता, तेवढंच ते कारागीर तिला हाडापाशी आणायला. केसाएवढीच फट दोघांची. सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी नेमकं या घोडीवर लिहिलं आहे. तार ज्या बिंदूवर छेडतो तिथे ज्यांचा निश्चल बिंदू येतो ते उपस्वर (मूळ स्वरासोबत निघणारे वरचे स्वर) तिच्यातून निघू नयेत असा नियम, आणि तानपुऱ्यात मात्र ते खुशाल निघतात. मावशीला हे कुणी सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, निघतात तर निघू देत. तिला मी लहानपणी विचारलं होतं, "मावशी, हे बिघडलंय का? गुणगुणतंय." ती एवढी हसली होती की तिला डोळे पुसावे लागले. माझी खरखर ही काही जवारी नव्हे, उगाच मोठेपणा द्यायला नको. तिच्यात उपस्वर नाहीत, नुसता पत्रा आहे. पण मी तिच्यावर एवढा चिडलो होतो खरा.

"काका, तुम्ही घरी असं वाजवत नाही," तो म्हणाला आणि मग उठला. "मी खालून सिगारेट घेऊन येतो. तुम्ही वाजवा." दार ओढून गेला. मी एकटा. खिडकीबाहेर पावसाची पन्हळ वाहत होती, खालच्या मजल्यावर आजी कुणाशी तरी फोनवर बोलत होती. मी दोन मिनिटं नुसता बसलो. मग ॲम्पचा आवाज थोडा वाढवला, आणि वाजवलं. पहिल्यांदा जमेना. मग आजी, पन्हळ, पेठ, सगळं विसरून हात सुटला आणि जाड तार खरखरली. एकदा, दोनदा, प्रत्येक ठोक्याला. इतकं हायसं वाटलं की बस. कडी वाजली नाही, पण जिन्यावर पाऊल वाजलं. तो सिगारेट आणायला गेलाच नव्हता, पायरीवर बसला होता.

त्याने जाड तारेचे आणि तिच्या शेजारणीचे सॅडल किंचित वर घेतले, ट्रस रॉडला इतका कमी हात लावला की लावला की नाही कळलं नाही, आणि पातळ तारा जिथल्या तिथे ठेवल्या. "थोडी वाजेलच आता, तुमच्या हाताला. पण ॲम्पमधून येणार नाही, पिकअपला, तारांखालच्या त्या चुंबकांना, ती खरखर फारशी दिसत नाही. सगळी घालवायची तर तारा दोन मिलिमीटरवर जातील, मग म्हणाल बोटं दुखतात." जाड तारेखाली १.८ झालं होतं. माझ्या १.२ चं त्याने नावही काढलं नाही. पैसे विचारले तर म्हणाला, "एवढ्याचे काय घ्यायचे." मी बाबांचं फिलर गेज खिशात नेलं होतं, दाखवावं की नाही या विचारात. निघताना दाखवलं. त्याने ते उघडून उजेडाकडे धरलं, पंचवीसच्या पानावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "विकणार?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "नाहीच विकायचं."

रात्री साडेदहाला हेडफोन लावून अर्धा तास वाजवली. स्वच्छ. कुठे काही नाही. मग हेडफोन काढले, केबल काढली, आणि जाड तारेवर पाचव्या फ्रेटला तोच स्वर पुन्हा दाबला, घरच्यासारखा.